उसावरचा लोकरी मावा आणि त्याचे वैरी

कीड म्हटली की औषध आणि औषध म्हटले की फवारणीचा पंप, असे समीकरण आपल्या मनात पक्के बसले आहे. आम्ही शास्त्रज्ञ नव्हे. आमची हयात कामगार संघटनेच्या कामात गेली. परंतु पंप पाठीला लावून शेतात शिरणारा बहुधा मजूर असतो. म्हणून ह्या शास्त्राची जमेल तेवढी ओळख आम्ही करून घेतली. तीत सर्वांत बोलके वाटले ते उदाहरण आपल्या कृष्णाकाठचेच आहे.

२००२ सालच्या जुलै महिन्यात सांगली जिल्ह्यात उसाच्या पानांखाली, पिंजलेली लोकर चिकटवावी तसे पांढरे थर दिसू लागले. हाच लोकरी मावा. बंगाल-आसामकडे हा कीटक पूर्वीपासून ठाऊक होता. आपल्याकडे मात्र त्याने असे थैमान कधी घातले नव्हते. पाहता पाहता तो सातारा, कोल्हापूर आणि पुढे कर्नाटकापर्यंत पसरला.

त्याची रीत समजून घेण्यासारखी आहे. पानाच्या खालच्या अंगाला, मधल्या शिरेलगत बसून तो सोंडेने रस ओढतो. मादीला नराची गरज पडत नाही; ती थेट जिवंत पिल्लेच प्रसवते. त्यामुळे एका मादीची थोड्याच दिवसांत वसाहत होते. अंगावरची लोकर म्हणजे मेणाचे तंतू. ओढलेल्या रसातली जादा साखर तो चिकट थेंबांच्या रूपाने बाहेर टाकतो. हे थेंब खालच्या पानांवर पडतात, त्यांवर काळी बुरशी वाढते आणि पान काजळी धरते. काजळलेल्या पानाला ऊन मिळत नाही, आणि ऊन नाही तर साखर नाही. पंख फुटलेले मावे वाऱ्याबरोबर दूर जातातच. शिवाय कीडग्रस्त फडातले वाढे वैरणीसाठी दुसऱ्या गावी गेले, की त्यांच्याबरोबर मावाही जातो.

२००३-०४ च्या हंगामात राज्यातले साखरेचे उत्पादन आधीच्या हंगामाच्या जवळजवळ निम्म्यावर आले. त्याचे मोठे कारण दुष्काळ हे होते. परंतु माव्यानेही त्यात भर घातली. गाळप लवकर आटोपले, तर हंगामी कामगाराचा पगार लवकर थांबतो आणि ऊसतोडणीला आलेला मजूर उचल फिटण्याआधीच परत जातो. पानाखालचा कीटक अशा रीतीने माणसाच्या चुलीपर्यंत पोहोचतो.

मग फवारणी का पुरी पडली नाही? ऊस डोक्याच्या वर गेला की फडात शिरणे कठीण होते. मावा पानाच्या खाली, त्यातून मेणाच्या आवरणात. त्याच्यापर्यंत औषध नीट पोहोचत नाही. वर मारलेले विष फवारणाऱ्याच्याच तोंडावर पडते. आणखी एक गोष्ट होते, ती चटकन डोळ्यांत भरत नाही: माव्याला खाणारे कीटकही त्या विषाने मरतात.

असे खाणारे होतेच. डिफा नावाच्या लहानशा पतंगाची अळी माव्याच्या वसाहतीत जाळे विणून राहते आणि मावा खाते. पतंगांच्या बहुतेक अळ्या पाने खातात. ही मात्र मांसाहारी आहे. दुसरा मायक्रोमस, तपकिरी जाळीदार पंखांचा. त्याची अळी आणि प्रौढ कीटक दोघेही माव्यावर जगतात. हे दोघे माव्याच्या मागोमाग फडात आपण होऊन वाढले. तिसरा एन्कार्सिया, ही एक अतिशय बारीक गांधीलमाशी. ती माव्याच्या अंगात अंडे घालते आणि तिची अळी माव्याला आतून संपवते. तिला आसामातून मुद्दाम आणावे लागले.

परमुलखातून आलेली कीड पुष्कळदा आपले वैरी मागे ठेवून येते. कॅलिफोर्नियात ऑस्ट्रेलियातून गेलेल्या एका खवले किडीने संत्र्या-लिंबांच्या बागा बुडवायला घेतल्या, तेव्हा १८८८ साली ऑस्ट्रेलियातूनच तिला खाणारा ढालकिडा नेण्यात आला, आणि बागा वाचल्या.

आपल्याकडे कृषी विद्यापीठ, मांजरीची वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट आणि साखर कारखाने ह्यांनी हे मित्रकीटक जाळीच्या मांडवात वाढवले. हेक्टरी एक हजार डिफाच्या किंवा अडीच हजार मायक्रोमसच्या अळ्या सोडाव्यात, अशी शिफारस झाली. मित्रकीटक असलेल्या पानाचे तुकडे कापून ते दुसऱ्या फडातल्या पानांना टाचायचे, इतके हे साधे काम. मात्र तेथे नंतर विष मारायचे नाही. काही हंगामांत मावा आटोक्यात आला. तो नाहीसा झालेला नाही. अधूनमधून डोके वर काढतो आणि त्याचे वैरीही त्याच्यामागे वाढतात.

हा उपाय म्हणजे जादू नव्हे. खाणारा कीटक खाद्य वाढल्यावरच वाढतो. तोवर धीर धरावा लागतो. शिवाय एकट्याने भागत नाही. हुमणीचे पाहा. वळवाच्या पावसानंतर तिचे भुंगेरे संध्याकाळी जमिनीतून निघून कडुलिंब-बाभळीवर बसतात. ते एकाने गोळा केले आणि शेजारी स्वस्थ बसला, तर श्रम वाया जातात. सारा गाव एकाच आठवड्यात झाडे हलवायला निघाला, तर उपयोग होतो. संघटनेचा हा नियम किडीलाही लागू पडतो.

आता पंपाकडे येऊ. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले आणि शेकडो दवाखान्यांत पडले. त्या वर्षी कपाशी माणसाच्या उंचीला गेली होती. फवारा तोंडावर येत होता. उंच उसातही धोका तोच. गिरणीत यंत्राला जाळी नसली, तर कामगार यंत्र बंद करण्याचा हक्क मागतो. शेतातल्या मजुराला मात्र डब्यात कोणते विष आहे, हेही बहुधा कोणी सांगत नाही.

म्हणून आमचे म्हणणे एवढेच, की पंप भरण्यापूर्वी पान उलटून पाहावे, आणि ते मजुरालाही पाहू द्यावे. माव्यात डिफाची अळी किंवा मायक्रोमस दिसला, तर पंप खाली ठेवावा. फवारणे भागच असेल, तर मोजे, तोंडावरचे आवरण आणि अंगभर कपडे ज्याचे शेत त्याने पुरवावेत. ते मजुरीतून कापू नयेत.