पुस्तके पाहायला की वाचायला?

"आजची मुले वाचत नाहीत" ही तक्रार आपण सगळेच करतो. शिक्षक करतात, पालक करतात, आणि ज्यांनी स्वतः वर्षभरात क्रमिक पुस्तकाबाहेरचे एकही पान उलटलेले नसते असे आपण विद्यार्थीही करतो. दोष मोबाइलच्या माथी मारला की सर्वांची सुटका होते. मीही काही दिवसांपूर्वीपर्यंत हेच म्हणत असे. परंतु गेल्या दीड वर्षात सावंगीतील मुलांना घेऊन ग्रंथालयात जाण्याचा जो अनुभव आला, त्याने माझे मत बदलले. मुले वाचत नाहीत याचे एक कारण असे की, आपण त्यांना पुस्तकापर्यंत नेतो आणि पुस्तक मात्र त्यांच्या हाती देत नाही. हे कसे घडते आणि यावर उपाय काय, हे माझ्या अल्पमतीप्रमाणे येथे मांडीत आहे.

सावंगी (मेघे) हे गाव वर्ध्याहून यवतमाळकडे जाणाऱ्या रस्त्यावर आहे. बाहेरगावच्या माणसाला सावंगी म्हटले की दवाखाना आठवतो. आचार्य विनोबा भावे ग्रामीण रुग्णालय आणि त्याच्या परिसरातील वैद्यकीय महाविद्यालय यांमुळे दूरदूरची माणसे येथे येतात. पण या मोठ्या इमारतींच्या आसपास जुने गाव आणि नव्या वस्त्याही आहेत. तेथे शेतमजुरांची, चहाटपरीवाल्यांची, रुग्णालयात साफसफाईचे काम करणाऱ्यांची घरे आहेत. माझे घर अशाच एका वस्तीत आहे. या घरांतील मुले शाळेत जातात, अक्षरओळखही त्यांना असते. पण घरात क्रमिक पुस्तकाखेरीज दुसरे पुस्तक क्वचितच आढळते.

१५ ऑक्टोबर हा डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांचा जन्मदिवस. महाराष्ट्रात २०१५ पासून तो 'वाचन प्रेरणा दिन' म्हणून पाळला जातो. त्या निमित्ताने आम्ही चार मैत्रिणींनी वस्तीतील बावीस मुलांना एका ग्रंथालयात नेले. तीन ऑटो केले, मुलांना स्वच्छ कपडे घालून यायला सांगितले. तेथे पोहोचल्यावर मुलांना ओळीने सतरंजीवर बसविण्यात आले. दोन भाषणे झाली. वाचनाचे फायदे सांगण्यात आले. मग मुलांना रांगेने कपाटांपुढून फिरविण्यात आले. कपाटांना काचा होत्या आणि काचांना कुलपे होती. एका मुलाने काचेवर बोट टेकविले, तेव्हा "हात नको लावू" असे कोणीतरी म्हणाले. शेवटी छायाचित्र काढले, बिस्किटे वाटली आणि आम्ही कृतार्थ मनाने परतलो.

परतताना ऑटोत माझ्या शेजारी पाचवीतली एक मुलगी बसली होती. बराच वेळ ती गप्प होती. मग तिने विचारले, "ताई, आपल्याले पुस्तकं पाहाले नेलं होतं का वाचाले?"

मी काहीतरी उत्तर दिले. ते उत्तर होते असे मात्र आता म्हणवत नाही. त्या रात्री मला पहिल्यांदा कळले की, आम्ही मुलांना ग्रंथालय दाखविले होते, जसे सहलीत किल्ला दाखवितात. किल्ला पाहून मूल शूर होत नाही आणि कपाट पाहून ते वाचक होत नाही.

पुढे याविषयी वाचू लागले तेव्हा ध्यानात आले की, त्या मुलीचा प्रश्न ग्रंथालयशास्त्राचा पहिलाच प्रश्न आहे. भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक डॉ. एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ साली आपले प्रसिद्ध पाच सिद्धांत मांडले. पुस्तके उपयोगासाठी आहेत. प्रत्येक वाचकाला त्याचे पुस्तक मिळावे. प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक मिळावा. वाचकाचा वेळ वाचवावा. आणि ग्रंथालय ही वाढत जाणारी संस्था आहे. वाचायला हे किती सोपे! परंतु पहिलाच सिद्धांत पाळायचा तर कुलूप काढावे लागते. दुसरा पाळायचा तर 'चांगले पुस्तक' कोणते हे आपण आधीच ठरवून चालत नाही, समोरच्या मुलाला काय हवे आहे ते विचारावे लागते. तिसरा पाळायचा तर बालविभागातील जाडजूड, बारीक टाइपाची, कोणी न उघडलेली पुस्तके तशीच ठेवून 'आमच्याकडे बालविभाग आहे' असे म्हणता येत नाही.

कायद्याच्या बाजूने पाहिले तर आपण मागे नाही. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियम १९६७ सालचा आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात तर प्रत्येक शाळेत ग्रंथालय असावे आणि त्यात वर्तमानपत्रे, मासिके व गोष्टींची पुस्तकेही असावीत, असे स्पष्ट म्हटले आहे. कायदा पुस्तक शाळेत आणू शकतो. ते कपाटातून मुलाच्या दप्तरात जाण्याचे शेवटचे दोन हात अंतर मात्र कोणा माणसालाच तोडावे लागते.

या बाबतीत एक जुनी हकिगत सांगितल्यावाचून राहवत नाही. ती ज्यांच्या नावाचे रुग्णालय आमच्या गावात आहे, त्या विनोबांचीच आहे. विनोबांचे बालपण कोकणात गागोद्यास गेले आणि पुढे वडिलांच्या नोकरीमुळे ते बडोद्यास आले. बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांनी अमेरिकेतील ग्रंथालये पाहून आपल्या संस्थानात तशीच व्यवस्था उभारण्याचे मनावर घेतले होते. १९१० साली त्यांनी विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालास त्यासाठी बोलावून घेतले. मोठे मध्यवर्ती ग्रंथालय झाले, त्यात मुलांसाठी व स्त्रियांसाठी वेगळे विभाग झाले, आणि खेड्यांत पुस्तकांच्या फिरत्या पेट्या जाऊ लागल्या.

त्या ग्रंथालयात तरुण विनोबा उन्हाळ्याच्या दुपारी जाऊन तासन्‌तास वाचत बसत. उकाड्यामुळे अंगातला सदरा काढून उघड्या अंगाने वाचायचे! तेथील नोकराने हटकले, तरी हे आपले वाचतच राहिले. तक्रार वर गेली आणि वरच्या मजल्यावर पंख्याखाली बसलेल्या साहेबाने त्यांना बोलावून घेतले. त्यांना उभेच ठेवून साहेबाने सभ्यतेविषयी विचारले. तेव्हा विनोबांनी उत्तर दिले की, स्वतः बसून दुसऱ्याला उभे ठेवणे आमच्या देशात सभ्यपणाचे मानीत नाहीत. साहेब रागावला नाही, खूश झाला. त्याने खुर्ची दिली, उघड्या अंगाचे कारण ऐकून घेतले, कोणती पुस्तके आवडतात ते विचारले आणि हवी ती पुस्तके मिळण्याची सोय करून दिली.

ही गोष्ट विनोबांच्या निर्भयतेची म्हणून सांगितली जाते आणि ते योग्यच आहे. परंतु मला तीत तो साहेब अधिक महत्त्वाचा वाटतो. नियम मोडणाऱ्या मुलाला त्याने बाहेर काढले असते तर कोणीही त्याला दोष दिला नसता. त्याने तीन गोष्टी केल्या: बसायला जागा दिली, आवड विचारली आणि पुस्तक हाती दिले. मुलांना ग्रंथालयात नेण्याचे सारे शास्त्र मला या तीन गोष्टींत सापडले.

या विचाराने आम्ही पुन्हा सुरुवात केली. या खेपेस दुसऱ्या एका ग्रंथालयाच्या ग्रंथपालांना आधी भेटलो. अडचण अनामत रकमेची होती. बावीस मुलांची अनामत आणि वर्गणी कोण भरणार? तेव्हा आम्ही चौघींनी आपल्या नावाने सभासदत्व घेतले आणि त्यावर मुलांना पुस्तके द्यायची असे ठरले. शनिवारी शाळा सकाळची असते, म्हणून महिन्यातील दुसरा व चौथा शनिवार दुपारी नेमला. दिवस नेमलेला असणे फार आवश्यक आहे. एकदाची भेट हा सण होतो. ठरलेल्या दिवशीची भेट ही सवय होते. शिवाय पुस्तक परत करायला जावेच लागते आणि परत करायला गेलेले मूल दुसरे घेऊनच येते.

एका वेळी सहा ते आठच मुले नेतो. अधिक मुले झाली की आपण आपोआप 'गप्प बसा' म्हणू लागतो. गेल्यावर पहिला अर्धा तास काहीच सांगायचे नाही. मुलांनी कपाटे उघडावीत, पुस्तके काढावीत, चित्रे पाहावीत, नको ते ठेवावे. पुस्तक कसे निवडायचे याची एक साधी युक्ती आहे. मधले कोणतेही पान उघडून वाचावे आणि न समजलेल्या प्रत्येक शब्दाला एक बोट मिटावे. पान संपण्याआधी पाचही बोटे मिटली तर ते पुस्तक अजून थोडे कठीण आहे. तथापि हाही नियम मी कोणावर लादत नाही. चौथीतल्या एका मुलाने पक्ष्यांवरचा एक जाड ग्रंथ उचलला. तो त्याला वाचता येणार नाही, म्हणून मी त्याच्या हातून काढून घेणार होते. ग्रंथपालांनी मला खुणेने थांबविले. त्या मुलाने तो ग्रंथ दोन आठवडे घरी ठेवला, फक्त चित्रे पाहिली आणि चित्रांखालची नावे वाचली. पुढच्या खेपेला त्याला वस्तीतल्या कडुलिंबावर बसणाऱ्या सात पक्ष्यांची नावे येत होती.

दुसरी गोष्ट, घरी नेलेल्या पुस्तकावर परीक्षा घ्यायची नाही. 'तात्पर्य काय?' हा प्रश्न आम्ही बंद केला. पुस्तक अर्धवट सोडायचीही मोकळीक आहे. फक्त परत जाताना ऑटोत ज्याला वाटेल त्याने आपल्या पुस्तकातले काहीही सांगावे. 'किशोर' मासिकाचे जुने अंक आणि भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे यांची मागणी अशीच तोंडोतोंडी वाढली. मोठ्यांच्या शिफारशीपेक्षा सवंगड्याचा शब्द मुलांना अधिक पटतो.

तिसरी गोष्ट, नोंदवही मुलांनीच ठेवायची. तारीख, नाव, पुस्तकाचे नाव, परत केल्याची सही, सारे तीच लिहितात. १९३७ साली वर्ध्याच्या शिक्षण परिषदेत गांधीजींनी नई तालीमची कल्पना मांडली आणि हाताच्या कामातून शिक्षण हा विचार येथून देशभर गेला. त्या विचारात पुस्तकाला दुय्यम स्थान होते असे म्हणतात. पण नोंदवही भरणारी, फाटलेले पान खळीने चिकटविणारी मुले पाहिली की वाटते, पुस्तकाशी नाते जुळायलाही आधी हातालाच काम द्यावे लागते.

सारेच सुरळीत झाले असे मात्र नाही. पहिल्या दिवशी प्रश्न विचारणारी ती मुलगी सर्वांत उत्साही होती. पावसाळ्यात दोन शनिवार ती आली नाही. मी घरी गेले तेव्हा ती दाराआड लपली. तिची आई म्हणाली, "नाई येत ते आता. पुस्तकावर पानी गळलं. पैसे कोन भरन?" छत गळून पुस्तक भिजले होते. मुलीने ते चुलीजवळ वाळवून गादीखाली दाबून ठेवले होते. पाने फुगली होती, पण सगळी होती. दंडाच्या भीतीने ते घर आमच्यासाठी बंद होणार होते, आणि दंडाचा नियम तर आम्हीच पहिल्या दिवशी सर्वांना बजावून सांगितला होता! मी पुस्तक घेऊन ग्रंथपालांकडे गेले. त्यांनी ते चाळून पाहिले आणि "वाचता येते ना? मग चालते" एवढेच म्हणून परत कपाटात ठेवले. त्या दिवसापासून वर्षाला पाच-सहा पुस्तके भिजतील, फाटतील हे आम्ही गृहीत धरतो आणि दरमहा थोडे पैसे त्यासाठी बाजूला ठेवतो. पुस्तक फाटले तर बदलता येते. भीतीने गेलेला वाचक सहसा परत येत नाही.

ती मुलगी परत आली. परंतु दिवाळीच्या सुमारास कापूस वेचणी लागली, तेव्हा शनिवारी दुपारी ती आईबरोबर शेतावर जाऊ लागली. वेचणीचे पैसे घरात लागतात. त्यापुढे आमचे ग्रंथालय काय बोलणार? तेव्हा मला बडोद्याच्या फिरत्या पेट्या आठवल्या. अलीकडे २००९ पासून नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठाननेही 'ग्रंथ तुमच्या दारी' या योजनेतून पुस्तकांच्या पेट्या वाचकांपर्यंत नेल्या आहेत. आम्ही पत्र्याची एक जुनी पेटी घेतली, तीत पंधरा पुस्तके ठेवली आणि ती त्याच मुलीच्या ओसरीवर ठेवली. ज्यांना येता येत नाही ती मुले संध्याकाळी तेथून पुस्तक नेतात. नोंदवही तीच ठेवते. रात्री ती धाकट्या भावाला मोठ्याने वाचून दाखविते. आई स्वयंपाक करता करता ऐकते, आणि मुलगी मध्येच थांबली की "मंग काय झालं?" असे विचारते, हे मी स्वतः ऐकले आहे.

बावीस मुलांपैकी आज अकरा नियमित येतात. हा आकडा फार मोठा नाही. बाकीच्यांना आवडेल असे पुस्तक आम्हाला अजून सापडलेले नाही, एवढेच मी म्हणेन. मोबाइल या अकरा जणांच्या घरीही आहे.

आता थोडे आपल्याविषयी. आपल्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयात परीक्षेच्या आधी महिनाभर गर्दी असते आणि एरवी शांतता असते. आपल्यापैकी कित्येकांना शाळेत असताना कपाट फक्त काचेतून पाहायला मिळाले असेल. आपण वाचत नाही याचे मूळ कदाचित तेथेच असेल. माझी विनंती एवढीच की, येत्या वर्षी आपल्यापैकी प्रत्येकाने शेजारचे एक मूल आपल्या सभासदत्वावर ग्रंथालयात न्यावे, महिन्यातून दोनदा, ठरलेल्या दिवशी. प्राध्यापक महोदयांनी यात मार्गदर्शन केल्यास राष्ट्रीय सेवा योजनेच्या कामातही याचा समावेश होऊ शकेल. तेथे गेल्यावर फार बोलू नये. बसायला जागा द्यावी, काय आवडते ते विचारावे आणि ते पुस्तक त्याच्या हाती देऊन घरी नेऊ द्यावे.

त्या मुलीने मला पुन्हा तो प्रश्न विचारलेला नाही. गेल्या शनिवारी तिने दुसराच विचारला: "ताई, पेटीतले सगळे झाले. नवे कधी आनता?"