मतदारसंघ क्रमांक एक : अक्कलकुवा

विधानसभेच्या निकालाचा तक्ता उघडला की पहिली ओळ अक्कलकुव्याची असते. २००८ च्या पुनर्रचनेआधी हा मान सावंतवाडीकडे होता. आता मोजणी सातपुड्यातून सुरू होते आणि २८८ व्या क्रमांकावर सांगलीतल्या जतला थांबते. या पहिलेपणाचा अक्कलकुव्याला काय लाभ, असे विचाराल तर काही नाही. मुंबईहून निघालेली कुठलीही सोय इथे पोहोचेपर्यंत दमलेली असते.

नंदुरबार जिल्ह्यात विधानसभेचे चार मतदारसंघ: अक्कलकुवा, शहादा, नंदुरबार आणि नवापूर. चारही अनुसूचित जमातींसाठी राखीव. पूर्वी अक्राणी म्हणजे धडगावचा डोंगराळ भाग वेगळा मतदारसंघ होता. पुनर्रचनेत अक्राणी आणि अक्कलकुवा हे तालुके एकत्र आले, तर तळोदा शहाद्याला जोडला गेला. मतदानयंत्रावर पाडवीच्या खाली पाडवी, मग वळवी, वसावे, तडवी. आडनावावरून माणूस ओळखायची इथे सोयच नाही. म्हणून इथला मतदार आधी माणूस बघतो, मग चिन्ह. पक्षाचा नंबर त्यानंतर. हे माझे मत, पण निकालही तेच सांगतात.

राज्यातले पहिले मतदान केंद्रही इथलेच. नर्मदेकाठचे मणिबेली. सरदार सरोवराच्या पाण्याने महाराष्ट्रातली ३३ गावे बाधित झाली आणि पहिला फटका मणिबेलीला बसला. शूलपाणेश्वराचे जुने देऊळही पाण्याखाली गेले. १९९४ मध्ये जागतिक बँकेच्या पैशावर उभ्या राहणाऱ्या मोठ्या धरणांविरुद्ध जगभरच्या संघटनांनी जे निवेदन काढले, त्याला याच गावाचे नाव आहे. गावाचे नाव असे वॉशिंग्टनपर्यंत गेले. रस्ता मात्र नीट गावात येईना. मतदानाच्या वेळी यंत्रे, शाईची बाटली, याद्या आणि कर्मचारी बोटीत बसून जलाशयातून काठावरच्या केंद्रांकडे निघतात. बोट लागली की पेट्या खांद्यावर घेऊन चढण. शहरातल्या मतदाराला रांग लांब वाटते, त्याने ही वाट एकदा डोळ्यांसमोर आणावी.

त्यात २०२४ चे विधानसभेचे मतदान नोव्हेंबरात, म्हणजे स्थलांतराच्या दिवसांत. दिवाळी सरली की कुटुंबेच्या कुटुंबे ऊसतोडीला गुजरातेत जातात. मतदार पाड्यावर शोधायचा की बारडोलीकडच्या फडावर, हा उमेदवारापुढचा खरा प्रश्न.

या मुलखावर तीन दशके एका माणसाची पकड राहिली: के. सी. पाडवी. १९९० पासून २०१९ पर्यंत त्यांनी सलग सात निवडणुका जिंकल्या; पहिल्या चार अक्राणीतून, पुढच्या तीन अक्कलकुव्यातून. सातवी मात्र घाम फोडणारी ठरली. शिवसेनेच्या आमश्या पाडवींना त्यांनी अवघ्या २,०९६ मतांनी हरवले. पुढची गंमत अशी की दोन-अडीच महिन्यांतच काँग्रेसचे के. सी. शिवसेनेच्याच मुख्यमंत्र्यांच्या मंत्रिमंडळात आदिवासी विकास मंत्री झाले. हरलेले आमश्या २०२२ मध्ये विधान परिषदेवर गेले आणि २०२४ च्या मार्चमध्ये शिवसेनेच्या शिंदे गटात.

२०२४ हे वर्ष तर नीट वाचण्यासारखे आहे. लोकसभेला के. सीं.चे चिरंजीव गोवाल पाडवी यांनी भाजपच्या डॉ. हिना गावित यांचा १,५९,१२० मतांनी पराभव केला. काँग्रेसचा गड परत आला, असे सगळे म्हणू लागले. जेमतेम साडेपाच महिन्यांनी, २० नोव्हेंबरच्या मतदानात, वडील घरच्या मैदानावर २,९०४ मतांनी पडले. जिंकले आमश्या पाडवी. तिसऱ्या क्रमांकावर भाजप सोडून अपक्ष उभ्या राहिलेल्या हिना गावित, ६६ हजारांवर मते घेऊन.

गावितांचा विषय निघालाच आहे तर पूर्ण करू. त्या निवडणुकीत या एकाच घराण्यातले चौघे चार मतदारसंघांत उभे होते. नंदुरबारला डॉ. विजयकुमार गावित भाजपकडून, शहाद्याला भाऊ राजेंद्रकुमार काँग्रेसकडून, नवापूरला दुसरे भाऊ शरद अपक्ष, आणि अक्कलकुव्याला कन्या हिना अपक्ष. जिल्ह्याच्या राजकारणात पक्ष हा अंगरखा आहे, हे यापेक्षा ठळकपणे कोण सांगणार? निवडून आले एकटे विजयकुमार, १९९५ पासून सलग सातव्यांदा. नवापूरला शरद गावित काँग्रेसच्या शिरीष नाईकांकडून फक्त १,१२१ मतांनी हरले. शिरीष यांचे वडील सुरूपसिंग नाईक तिथले जुने मातब्बर. त्यांना २००९ मध्ये याच शरद गावितांनी धक्का दिला होता.

घराणी इथे आहेतच, ती नाकारण्यात अर्थ नाही. पण घराणे म्हटले की मत बांधलेले, हा हिशेब सातपुड्यात चालत नाही. एकाच वर्षात मुलाला दिल्लीला पाठवणारा आणि बापाला घरी बसवणारा हा मतदार आहे. त्याला अडाणी समजून लिहिणाऱ्यांनी आपले लेख पुन्हा वाचावेत. आणि पुढच्या निकालाच्या दिवशी तक्त्याची पहिली ओळ ओलांडून पुणे-मुंबईकडे धावण्याआधी, वाचकहो, अक्कलकुव्यात तिसऱ्या क्रमांकाच्या उमेदवाराला किती मते पडली तेवढे जरूर पाहा.