‘क्रुकेड नाइफ’: अंगाकडे ओढून चालवायचा हा चाकू विकत मिळतो की बनवावाच लागतो?

चाकू चालवताना धार अंगापासून लांब ठेवायची, हे आपल्याला लहानपणापासून सांगितलं जातं. उत्तर अमेरिकेच्या जंगलांतला एक चाकू मात्र बरोबर उलट चालतो. तो स्वतःकडे ओढायचा असतो. ‘क्रुकेड नाइफ’ म्हणजे वाकडा चाकू हे त्याचं नाव. लाकूडकामाची आवड असणारे लोक आजही तो शोधत असतात.

नेमकं वाकडं काय असतं?

बऱ्याचदा पातं नव्हे, तर मूठ! क्री, मिकमॅक, पेनॉब्स्कॉट अशा ईशान्येकडच्या आदिवासी समाजांच्या चाकूचं पातं जवळपास सरळ असतं, कधी फक्त टोकाला वळलेलं. मूठ मात्र शेवटी बाहेरच्या बाजूला झुकलेली असते. तळहात वर ठेवून मूठ धरायची, त्या झुकलेल्या भागावर अंगठा टेकवायचा आणि चाकू ओढायचा. सगळा जोर अंगठ्यातून मिळतो.

पश्चिम किनाऱ्यावरच्या हैदासारख्या समाजांत याउलट मूठ सरळ आणि पातं वळलेलं असतं. मुखवटे आणि टोटेम खांब कोरायला तसं पातं सोयीचं पडतं. त्यामुळे शोध घेण्याआधी आपल्याला यातला कोणता हवा, हे ठरवायला हवं.

याची गरज का पडली?

लाकूड तासायला सुताराला बाक लागतो, शिकंजा लागतो. जंगलात यातलं काहीच नसतं. इथे एका हातात लाकूड, दुसऱ्यात चाकू, एवढ्यावर काम भागतं. बर्चच्या सालीच्या होड्यांच्या फासळ्या, वल्ही, बर्फावर चालायच्या जाळीदार पादुकांच्या चौकटी यानेच तासल्या जात. (हा बर्च म्हणजे आपल्या भूर्जवृक्षाचाच भाऊबंद.) लोखंड येण्यापूर्वी बीव्हर या प्राण्याच्या पुढच्या दातांपासून अशी हत्यारं बनत. पुढे 1670 मध्ये स्थापन झालेल्या हडसन्स बे कंपनीच्या व्यापारातून पोलादी पाती आली. आणि घरोघरी झिजलेल्या कानशीही कामाला आल्या.

कानशीचं पातं कसं होतं?

1. कानस लालबुंद तापवून राखेत पुरायची आणि सावकाश थंड होऊ द्यायची. पोलाद मऊ पडतं.
2. सगळे दाते घासून काढायचे. एखादी खाच राहिली, तर पुढे तडा तिथूनच जातो.
3. आकार द्यायचा. टोक वळवायचं असेल तर पोलाद लाल असतानाच.
4. पुन्हा तापवायचं. चुंबक चिकटेनासं झालं, की थोडं आणखी तापवून तेलात बुडवायचं. तेल पेट घेऊ शकतं, म्हणून भांडं धातूचं हवं आणि झाकण हाताशी हवं.
5. आता पोलाद कडक असतं, पण काचेसारखं ठिसूळही. म्हणून ते साधारण 200 ते 220 अंश सेल्सिअसला तासभर ठेवायचं. घासलेल्या भागावर गवतासारखा पिवळट रंग चढतो.

पाचवी पायरी टाळणं सर्वांत धोक्याचं. हा चाकू अंगाकडे ओढला जातो. पातं मोडलं, तर तुकडा चालवणाऱ्याच्याच दिशेने येऊ शकतो.

आणखी एक अडचण आहे. काही स्वस्त कानशी फक्त वरून कडक केलेल्या असतात. आतलं लोखंड मऊच असतं. त्याला कितीही पाणी दिलं, तरी धार टिकत नाही.

मग विकत घेतला तर?

घेता येतो. पण उजव्या आणि डाव्या हाताचे चाकू एकमेकांची आरशातली प्रतिमा असतात. एकाचा दुसऱ्याला चालत नाही. मुठीची जाडी आणि अंगठ्याची जागाही प्रत्येकाची वेगळी. मूठ हातात नीट बसली नाही, तर मनगट दुखतं, पकड सैल होते आणि धार घसरते.

म्हणून सोपा मध्यममार्ग आहे: पातं तयार घ्यायचं आणि मूठ स्वतः कोरायची. पात्याचं मागचं टोक काटकोनात वळलेलं असतं. ते मुठीतल्या खाचेत बसवून वरून दोरी, तार किंवा चामड्याची वादी घट्ट गुंडाळायची. मूठ आधी थोडी जाडच ठेवावी. चार-आठ दिवस वापरून जिथे टोचेल, तिथे तासत जावं. पातं दुसऱ्याने घडवलेलं चालतं. मूठ मात्र स्वतःच्या हाताच्या मापाचीच लागते.