गडाची वाट आणि गर्दीची कोंडी

पावसाळा स्थिरावला, की मुंबई आणि पुणे या दोन्ही महानगरांतील पर्यटकांचे लोंढे शनिवार-रविवारी मावळात येऊन एकमेकांना मिळतात. लोणावळ्यापासून कामशेतपर्यंतच्या छोट्याशा पट्ट्यात कार्ले, भाजे व बेडसे ही लेणी आणि लोहगड व विसापूर हे किल्ले आहेत. मात्र गर्दीचा सर्वाधिक भार पडतो तो लोहगडावर. २०२३ च्या पावसाळ्यात एका रविवारी गडाच्या पायऱ्यांवर इतकी दाटी झाली, की पर्यटक तासन्‌तास जागच्या जागी अडकून पडले. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने 'मराठा लष्करी स्थापत्य' या नावाने बारा किल्ल्यांना जागतिक वारशाच्या यादीत स्थान दिले. त्यात लोहगडाचाही समावेश असल्याने हा ओघ वाढण्याचीच शक्यता अधिक.

अशा कोंडीचे खापर सहसा पर्यटकांच्या बेशिस्तीवर फोडले जाते. बेशिस्त असतेच, परंतु मूळ कारण गडाच्या रचनेत आहे. लोहगडावर चढताना गणेश, नारायण, हनुमान आणि महादरवाजा असे चार दरवाजे एकामागून एक लागतात. त्यांना जोडणारी वाट नागमोडी व अरुंद असून तिच्यावर तटबुरुजांची नजर आहे. मोठ्या संख्येने चालून आलेल्या शत्रूचा वेग मोडावा, त्याला वळणावळणावर अडवावे आणि वरून मारा करावा, हाच या रचनेचा हेतू. थोडक्यात, गर्दीची कोंडी व्हावी यासाठीच ही वाट बांधली गेली. आज त्याच वाटेने चढणारे आणि उतरणारे समोरासमोर येतात. ओल्या पायऱ्यांवर एकाचा जरी पाय घसरला, तरी मागच्यांना सरकायला जागा उरत नाही. शत्रूसाठी केलेली योजना अशा वेळी पाहुण्यांच्या जिवावर उठू शकते.

याच डोंगररांगांतील लेण्यांचे स्थापत्य नेमके उलटे आहे. कार्ल्याच्या चैत्यगृहाला तीन दरवाजे आहेत. मधला दरवाजा मुख्य दालनात उघडतो, तर बाजूचे दोन खांबांमागील मार्गिकांत. एका बाजूने आत यावे, स्तूपाला प्रदक्षिणा घालावी आणि दुसऱ्या बाजूने बाहेर पडावे, अशी ही सोय. भाविकांचा ओघ अखंड चालू राहावा, ही दृष्टी दोन हजार वर्षांपूर्वीच्या स्थपतींना होती. तेथे प्रश्न वेगळा आहे. चैत्यगृहाच्या दारातच एकवीरा देवीचे मंदिर असून चैत्रातील यात्रेला व नवरात्रात कोळी, आगरी आणि इतर समाजांतील भाविक मोठ्या संख्येने येतात. लेण्याच्या छताला लाकडी फासळ्या आहेत. प्राचीन काळापासून टिकून राहिलेला हा ठेवा धूर आणि दमटपणा यांपासून जपावा लागतो.

गर्दीचा प्रश्न केवळ आपल्याकडचा नाही. अथेन्सच्या अ‍ॅक्रोपोलिसवर सप्टेंबर २०२३ पासून दिवसाला वीस हजार पर्यटकांची मर्यादा घालून प्रवेश तासांप्रमाणे विभागण्यात आला. व्हेनिसने २०२४ मध्ये ठरावीक दिवशी, केवळ दिवसभरासाठी येणाऱ्यांकडून पाच युरो शुल्क घेण्यास सुरुवात केली. आपल्याच अजिंठ्याला खासगी वाहने सुमारे चार किलोमीटर अलीकडे थांबवली जातात आणि पुढचा प्रवास बसने होतो. उपाय निरनिराळे असले, तरी त्यांमागील विचार एकच आहे. दिवसभरात किती माणसे येतात यापेक्षा एका वेळी, एका जागी किती एकवटतात, हे महत्त्वाचे. लोहगडाच्या पायथ्याशीच संख्या मोजून टप्प्याटप्प्याने लोकांना वर सोडणे आणि चढण्या-उतरण्याच्या वेळा ठरवणे, हे उपाय त्यामुळे अधिक मूलगामी ठरतात.

दुसरा मार्ग गर्दी विभागण्याचा. येथे कामशेतचे महत्त्व लक्षात येते. लोकल गाडीने मळवलीला उतरणारे भाजे व लोहगडाकडे वळतात. शेजारच्याच कामशेत स्थानकावरून पवनानगरच्या रस्त्याने बेडशाला जाता येते, पण तिकडे फिरकणारे थोडे. वास्तविक तेथील चैत्यगृहाचे उंच स्तंभ आणि त्यांच्या माथ्यावरील हत्ती, घोडे व त्यांवर आरूढ झालेली युगुले ही शिल्पे कार्ल्याच्या तोडीची आहेत. कार्ले व भाजे पश्चिमाभिमुख असल्याने तेथे दुपारनंतर उजेड चांगला मिळतो. बेडसे पूर्वाभिमुख, म्हणजे सकाळी पाहावे असे. सकाळी बेडसे व दुपारी भाजे असा क्रम ठेवला, तर लेणी नीट दिसतात आणि गर्दीही आपोआप विभागते.

मात्र केवळ नवी ठिकाणे दाखवून भागत नाही. १८६१ च्या सुमारास वरिष्ठ इंग्रज अधिकारी भेट देणार म्हणून बेडशाच्या लेण्यांची साफसफाई करण्यात आली आणि त्यात गिलाव्यावरील चित्रांचे अवशेष नाहीसे झाले, अशी नोंद आहे. पाहुण्यांच्या स्वागताची घाईही वारशाच्या मुळावर येते, ती अशी. १५ जून २०२५ रोजी मावळातच, कुंडमळा येथील इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल रविवारच्या गर्दीत कोसळून चार जणांचा बळी गेला. पूल असो, पायरी असो वा लेणे, प्रत्येक वास्तूची भार पेलण्याची एक मर्यादा असते. ती आधी ठरवावी आणि मगच पाहुण्यांना बोलवावे. जागतिक वारशाच्या मानाबरोबर ही जबाबदारीही येते. सुट्टीला निघणाऱ्या कुटुंबानेही सकाळची वेळ, आठवड्यातील मधला दिवस किंवा बेडशाची वाट निवडली, तर या कामाला हातभारच लागेल.