राहिलेल्या पाच रात्री

आवडत्या पुस्तकावर सिनेमा निघणार असं कळलं की माझ्या पोटात गोळाच येतो. तुमचं होतं का असं? आपण मनात एक घर बांधून ठेवलेलं असतं. त्यात कोण कुठं बसतं, कुणाचा आवाज कसा, चूल कोणत्या कोपऱ्यात, सगळं ठरलेलं असतं. मग कुणीतरी बाहेरून येतं आणि आपलं सामान हलवायला लागतं. त्यातून ते पुस्तक ‘श्यामची आई’ असेल तर विचारूच नका!

बरं, त्यावर आधी एक सिनेमा होताच की. आचार्य अत्र्यांचा, १९५३ सालचा. वनमालाबाई आई झालेल्या, छोटा माधव वझे श्याम झालेला, वसंत देसायांचं संगीत. द्रौपदीच्या बंधूचं गाणं आणि छडीचं गाणं, दोन्ही त्यातलीच. देशात राष्ट्रपतींचं सुवर्णपदक द्यायला सुरुवात झाली १९५४ मध्ये, आणि ते पहिलंच पदक या मराठी सिनेमानं पटकावलं. माझ्या आईनं तो लहानपणी जत्रेतल्या तंबूत बघितला होता. मातीत बसून, आजीच्या मांडीवर डोकं ठेवून. वनमालाबाईंचा चेहरा तिला अजून जसाच्या तसा आठवतो. आता एवढं सगळं होऊन गेल्यावर, सत्तर वर्षांनी पुन्हा त्याच पुस्तकाला हात कशाला लावायचा, असं मला वाटत होतं.

पण लावला. दिग्दर्शक सुजय डहाके. यांनीच मिलिंद बोकिलांच्या ‘शाळा’वर सिनेमा केला होता, आणि तो मला आवडला होता, हे कबूल करायला हवं. नवा ‘श्यामची आई’ आला १० नोव्हेंबर २०२३ ला, ऐन दिवाळीत. त्याच दिवशी ‘नाळ’चा भाग दोन आला. दोनच दिवसांनी सलमानचा ‘टायगर’, तोही तिसरा! म्हणजे दिवाळीच्या फराळासारखं झालं, तेच तेच पुन्हा नव्या डब्यात. ‘नाळ’ची गोष्ट निदान पुढं तरी जाणार होती. इथं गोष्ट तीच, आणि ती कुठं संपते हे महाराष्ट्रातल्या लेकरालेकराला माहीत.

आमच्या घरात मात्र एक लेकरू असं होतं, ज्याला ते माहीत नाही असं आम्ही तीस वर्षं धरून चाललो होतो. माझ्या पोटातला गोळा खरं तर त्याच्यासाठी होता.

३० सप्टेंबर १९९३. आपल्या भागातल्या बायकांना ही तारीख काय सांगायची? गणपती बोळवून लोक झोपले होते आणि पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी जमीन हलली. किल्लारी, सास्तूर, लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांतली कितीतरी गावं. हजारो माणसं दगडमातीखाली गेली. माझी मावशी लोहारा तालुक्यात दिली होती. ती गेली. मावशीचा नवरा रात्री शेतात जागलीला गेला होता आणि लेकरू हट्ट करून त्याच्यामागं गेलं होतं, म्हणून ते दोघं वाचले. तिसऱ्या दिवशी माझे वडील त्याला घेऊन आले. सात वर्षांचा होता. मी बारा वर्षांची. घरात तो सगळ्यांत लहान, म्हणून त्याचं नावच ‘धाकटा’ पडलं, ते आजही आहे.

उस्मानाबादला (तेव्हा धाराशिव नव्हतं झालं) आमची घरं उभी होती, पण आत जाऊन झोपायची कुणाची छाती नव्हती. धक्के चालूच होते. साऱ्या गल्लीनं अंगणात ताडपत्र्या बांधल्या होत्या. शाळा बंद. रात्र झाली की कुत्रं भुंकलं तरी बायका उठून बसायच्या. धाकटा तर बोलतच नव्हता. जेव म्हटलं की जेवायचा, झोप म्हटलं की पडून राहायचा, डोळे उघडे.

मग एका रात्री आईनं घरात धावत जाऊन ते पुस्तक आणलं. तिला सातवीत बक्षीस मिळालेलं, पहिल्या पानावर तिचं माहेरचं नाव. कंदील जवळ ओढला आणि वाचायला बसली. तुम्हाला माहीतच आहे, या पुस्तकात धडे नाहीत, रात्री आहेत. बेचाळीस रात्री. आश्रमात प्रार्थना झाली की श्याम रोज थोडं सांगतो. साने गुरुजींनी हे १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिलं. आम्हालाही तेव्हा ताडपत्रीखाली रोज एक रात्र काढायचीच होती. आई एक रात्र वाचायची, की आम्ही झोपायचो. आधी आम्ही दोघंच होतो, मग शेजारची पोरं आली, मग त्यांच्या आया. मोरी गाईची रात्र झाली, अक्काच्या लग्नाची झाली. श्यामला पोहायला ढकललं त्या रात्री पोरं हसली. त्या रात्रीच धाकटा पहिल्यांदा बोलला. म्हणाला, “मावशी, पुढं?”

सदतिसाव्या रात्रीपर्यंत आलो. घरावर जप्ती येते, ती रात्र. अडतिसावी आईच्या आजाराची आहे. त्या संध्याकाळी आईनं पुस्तक काढलंच नाही. धाकट्यानं विचारलं, तर म्हणाली, “संपलं की. श्याम शिकून मोठा झाला.”

मी बारा वर्षांची होते. पुस्तक किती जाड आहे ते मला दिसत होतं. पण आईनं माझ्याकडं असं काही बघितलं, की मी तोंड उघडलं नाही. दिवाळी आली तेव्हा तिनं उलट मागं जाऊन दिवाळीची रात्र पुन्हा वाचली. ती नाही का, भाऊबिजेच्या पैशांतून आई वडिलांना धोतर घेते ती. शेवटच्या पाच रात्री मी नववीत शाळेच्या लायब्ररीत एकटीनं वाचल्या. दूरदर्शनवर अत्र्यांचा सिनेमा लागला की आई धाकट्याला हमखास किराणा आणायला पाठवायची. असं ते चालत राहिलं. तो वाढला, इथंच शिकला, त्यानं गाडी घेतली, लग्न झालं, त्याला दोन लेकरं झाली. पुस्तकांच्या वाटेला तो कधी गेला नाही. मी त्याला ओवाळते, तो मला साडी देतो. त्या पाच रात्रींचा विषय कुणी काढला नाही.

आणि आता हा सिनेमा! आईनं पेपरात जाहिरात बघितली. मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालेलं, त्र्याहत्तर वय. मला वाटलं होतं ती म्हणेल, “कशाला गं माय आता थेटरात.” तर म्हणाली, “मला न्या.” भाऊबिजेला धाकटा आला होता, तो लगेच म्हणाला, “चला, मी नेतो सोलापूरला. मीही बघतो.” मी आईकडं बघितलं. आई करंजी मोडत बसली होती.

तर असे आम्ही तिघं सोलापूरला निघालो. तुळजापूर आल्यावर आईनं गाडीतूनच भवानीला हात जोडले. थेटरात मोजून अकरा माणसं. शेजारच्या पडद्यावर सलमानला शिट्ट्या पडत होत्या, त्या भिंतीतून ऐकू येत होत्या.

सिनेमा सुरू झाला आणि पहिला सुस्कारा टाकला तो रंग बघून. म्हणजे रंग नाहीच, काळा-पांढरा! सत्तर वर्षांनी कुणीतरी सामान न हलवता घरात आलं म्हणायचं. गौरी देशपांडे आई झालीय. वनमालाबाईंचं ते देवघरातलं तेज हिच्यात नाही, आणि मला तेच आवडलं. ही कामानं दमलेली वाटते. हिच्या रागामागं उद्याच्या पिठाची काळजी दिसते. वडील झालेत संदीप पाठक, आपल्या मराठवाड्याचे. ‘वऱ्हाड’ करून लोकांना लोळवणारा हा माणूस इथं इतका गप्प, की मला आधी ओळखूच आला नाही. शर्व गाडगीळ श्याम. त्याला एखादा धपाटा घालावा आणि जवळही घ्यावं असं वाटतं, म्हणजे काम जमलं!

माझी तक्रार होती ती मोठ्या गुरुजींबद्दल. ओम भूतकर काम उत्तम करतात, त्यात वाद नाही. पण मला सारखं वाटत होतं, हा मोठा माणूस मध्ये मध्ये का येतोय? हे देशाचं, तुरुंगाचं कशाला? मला आईकडं जायचंय, पालगडच्या त्या घरात. आईच्या वाट्याची मिनिटं हा घेतोय. मी खुर्चीत चुळबुळत होते.

आणि मग लक्षात आलं, अगं, पुस्तक तर ह्याचंच आहे. गोष्ट सांगणारा एक मोठा, आई गेलेला माणूस आहे, हे पहिल्या रात्रीपासून पुस्तकातच आहे. मी ते कधी ऐकलंच नव्हतं. कारण मला ते पुस्तक माझ्या आईनं वाचून दाखवलं. तिच्या आवाजात श्यामही तिचाच, त्याची आईही तिचीच. ‘मी’ आला की मला वाटायचं आईच बोलतेय. ती गोष्ट पोरक्या मुलाची आहे हे मला सिनेमात बसल्यावर, बेचाळिसाव्या वर्षी कळलं. ताडपत्रीखालच्या त्या सात वर्षांच्या पोराला ते पहिल्याच रात्री कळलं असेल.

शेवटाकडं मी पडद्याकडं बघतच नव्हते. त्यामुळं शेवट कसा घेतलाय हे मला विचारू नका. मी धाकट्याकडं बघत होते. तो शांत बसला होता. त्याचा हात आईच्या हातावर होता. रडत होती ती आईच, तोंडात पदर धरून.

येताना तुळजापूरला चहाला थांबलो. आईनं बशीत चहा ओतला, पण उचलला नाही. म्हणाली, “धाकट्या, मी तुला तेव्हा खोटं बोलले.”

तो म्हणाला, “माहितीय की. मला चौथीतच कळलं. गुरुजींनी वर्गात सांगितलं होतं.”

“मग बोलला का नाहीस?”

“तुला वाटत होतं मला माहीत नाही. म्हणून नाही बोललो.”

मी हसायला गेले आणि हसू फुटेना. म्हणजे सिनेमा लागला की हा पिशवी घेऊन मुकाट्यानं किराणा आणायला जायचा तो ह्यासाठी! एकदा तर त्यानं अर्धा किलो साखरेला दीड तास लावला होता. आईनं त्यावरून बोलून घेतलेलं मला आठवतंय.

मला वाटलं विषय संपला. पण आई थांबली नव्हती. “तुझ्यासाठी नव्हतं रे थांबवलं,” ती म्हणाली. “त्या पुढच्या रात्रीत श्यामची मावशी येती. बहिणीची सेवा करायला येती, उशाशी बसती, पाणी पाजती. तेवढं मला वाचवंना. तिच्यापाशी तिची भैण तरी होती. माझ्या भैणीपाशी कोण होतं? माती.”

तीस वर्षांत आई हे बोललेली नव्हती. आम्ही समजत होतो, पोराला जपायला तिनं पुस्तक मिटलं. सगळ्या गल्लीत तिचं त्यावरून कौतुक झालं होतं. तिनं ते कौतुक ऐकून घेतलं होतं आणि एकदाही ‘तसं नाही’ म्हणाली नव्हती. म्हणायची सोयच कुठं होती? घरात एक लेकरू आई गेली म्हणून गप्प, त्यात बहीण गेली म्हणून मोठ्या बाईनं कधी रडायचं?

चहा गार झाला. धाकट्यानं दुसरा सांगितला.

हा सिनेमा फार दिवस टिकला नाही आपल्याकडं, लगेच उतरला. पुढं २०२५ च्या ऑगस्टमध्ये राष्ट्रीय पुरस्कार जाहीर झाले, त्यात २०२३ चा सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपट म्हणून याचंच नाव होतं. आईला सांगितलं तर म्हणाली, “मिळणारच. पण आम्ही अकराच जणं होतो, ते लिही तू.” म्हणून लिहिलं.

त्या रात्री घरी आल्यावर आईनं पुस्तक मागितलं. घरात दोन प्रती आहेत. जानेवारी २०२० मध्ये इथं साहित्य संमेलन झालं, तेव्हा मी ठळक अक्षरांची नवी घेतली होती. जुनी तर बांधणी सुटून पानं पानं झालेली. आईला आता वाचवत नाही, म्हणून मी वाचायला बसले. अडतिसावी रात्र. धाकटा गाडी घेऊन जायला निघाला होता, तो उंबऱ्यावरच बसला. दुसऱ्या दिवशी जेवण करून बरोबर त्याच वेळेला आला. असा पाच दिवस आला. मावशीची रात्र वाचताना मी थांबून थांबून वाचत होते, तर आईच म्हणाली, “वाच, वाच. मी ऐकतीय.”

बेचाळिसावी वाचून पुस्तक मिटलं तेव्हा आई भिंतीकडं तोंड करून पडली होती. मला वाटलं झोपली. धाकटा बाहेर चपला घालत होता, तेवढ्यात आतून आवाज आला, “पुस्तक त्याच्याजवळ दे गं. त्याच्या लेकरांना होईल.”

मी नवं पुस्तक उचललं.

“ते नको,” आई म्हणाली. “माझ्या नावाचं दे.”