विश्रामबागवाडा आणि आपलीं जुनीं घरें

भिवंडीस निजामपुऱ्यानजीक आमच्या एका आप्तांचें चार पिढ्यांचें घर आहे. गेल्या वर्षीं तेथें दोघां भावांत वाद चालला होता. वडील बंधु म्हणत, "दुरुस्त करूं", धाकटे म्हणत, "पाडून नवें बांधूं." आम्हांस विचारलें, तेव्हां मत न देतां आम्ही उभयतांस पुण्याचा विश्रामबागवाडा दाखवावयास नेलें.

दुसऱ्या बाजीरावांनीं हा वाडा १८०७ च्या सुमारास, सुमारें दोन लक्ष रुपये खर्चून बांधविला. शनिवारवाड्यापेक्षां त्यांचें मन येथेंच अधिक रमे. पण १८१८ त राज्य गेलें. १८२१ सालीं वाड्यांत संस्कृत पाठशाळा भरूं लागली. १८७९ च्या आगींत पूर्वेकडील भाग जळाला, तो पुन्हां उभारला गेला. त्याच वर्षीं जळालेल्या बुधवारवाड्याचें मात्र नांवच उरलें. पुढें येथें नगरपालिकेची कचेरी आली. अलीकडे महानगरपालिकेनें डागडुजी करून कांहीं दालनांत पुण्याच्या इतिहासाचें प्रदर्शन मांडलें आहे. आमच्या मतें तक्त्यांपेक्षां वाडाच अधिक शिकवितो. सुरूच्या आकाराचे कोरीव खांब आणि त्यांवरील केळफुलें पाहतांना धाकटे बंधु बोलावयाचे थांबले, हें आम्हीं ध्यानांत ठेविलें.

थोरल्यांची दृष्टि मात्र खांबाखालच्या तळखड्यावर होती. लांकूड कुजतें तें बहुधा पायाशीं. चुन्याची भिंत ओल शोषते आणि बाहेर टाकते; सिमेंटचा गिलावा ती आंत कोंडतो, आणि जवळचें लांकूड ती पिऊं लागतें. म्हणून अशा कामांत चुना मुरवून, त्यांत गूळ व हिरड्याचें पाणी घालून वापरतात, आणि खांबाचा कुजलेला तेवढाच भाग कापून तेथें नवें सागवान सांधतात. चांगलें लांकूड जुनें आहे म्हणून टाकीत नाहींत. हें काम सावकाशीचें आहे, व हल्लीं असे सुतार शोधावे लागतात.

घरीं परततांच धाकट्यांनीं पडवींतील खांबाच्या पायथ्याचा गिलावा खरवडला. आंतून भुसा निघाला. तो सिमेंटचा गिलावा पांच वर्षांपूर्वीं, घर टिकावें म्हणून, थोरल्यांनींच करविला होता. ते कांहींच बोलले नाहींत.

"दादा, बाकीचे खांबही पाहूं या," धाकटे म्हणाले. सात खांबांपैकीं चार धडके निघाले. तिघांसाठीं सुतार ठरला आहे. पाऊस ओसरला कीं काम सुरू होईल.