बर्फाच्या वाटेवर घाई नको



उन्हाळ्यात रानातली कामं उरकली की आपल्या नांदेड-लातूर भागातून कितीतरी जणी केदारनाथ-बद्रीनाथला निघतात. नांदेडचे शीख भाविक हेमकुंड साहिबलाही जातात. स्वेटर, औषधं, आधार कार्ड अशी सगळी तयारी आपण करतो. वाटेवरच्या बर्फाची माहिती मात्र फार थोड्या जणींना असते. म्हणून आज आम्ही हिमस्खलनाबद्दल, म्हणजे डोंगरउतारावरचा बर्फ सुटून एकदम खाली येतो त्याबद्दल, सांगणार आहोत.

मोंढ्यात सोयाबीनची रास आपण पाहिलेली असते. वरून पोती ओतत राहिलं की एका क्षणी रास घसरते. बर्फाचंही तसंच. तो थरांनी साचतो. खालचा थर उन्हानं वितळून रात्री गोठतो, गुळगुळीत होतो. त्यावर पडलेला नवा बर्फ नीट धरत नाही. साधारण ३० ते ४५ अंशांच्या उतारावर हा धोका सगळ्यात जास्त. ऊन वाढलं की बर्फात पाणी मुरतं, तो जड होतो आणि सुटतो. मोठ्यानं जयजयकार केल्यानं बर्फ कोसळतो असं म्हणतात, ते खरं नाही. माणसांच्या वजनानं मात्र तो सुटू शकतो.

हे फक्त हिवाळ्यात होतं असं समजू नका. ४ जून २०२३ रोजी हेमकुंडच्या वाटेवर अटलाकोटीजवळ बर्फ कोसळून एका यात्रेकरू महिलेचा जीव गेला. २८ फेब्रुवारी २०२५ रोजी बद्रीनाथजवळच्या माणा गावापाशी रस्त्याचं काम करणारे ५४ मजूर बर्फाखाली सापडले. त्यातले ४६ वाचले, आठ गेले.

मग काय करायचं?

बर्फाचा पट्टा ओलांडायचा असेल तर सकाळी लवकर, ऊन तापण्याआधी ओलांडा. घोळक्यानं जाऊ नका, अंतर ठेवून चाला. अशा उताराखाली बसून डबा सोडू नका, फोटोसाठी वाट सोडून बर्फावर जाऊ नका. नुकताच बर्फ किंवा पाऊस पडला असेल तर थांबा. यात्रेची नोंदणी सक्तीची आहे, ती करूनच निघा. जवानांनी वाट बंद केली तर त्यांच्याशी वाद घालू नका.

बर्फ आलाच तर खाली पळू नका, बाजूला सरका. पाठीवरची पिशवी टाका. बर्फ थांबायच्या आत दोन्ही हात तोंडासमोर धरा, म्हणजे श्वासाला थोडी जागा राहते. सोबतची कोणी गाडली गेली तर ती शेवटची कुठं दिसली ती जागा लक्षात ठेवा. वर आणखी बर्फ सुटत नाही हे पाहून तिथून खालच्या बाजूला लगेच शोधा. एकीनं ११२ ला फोन करावा, बाकीच्यांनी उकरावं. पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत काढलेली माणसं बहुतेक वाचतात. अर्ध्या तासानंतर आशा फार कमी होते.

आता सगळ्यात महत्त्वाचं. आपल्याला परतीच्या गाडीचं रिझर्व्हेशन असतं, मृगाच्या आत पेरणीसाठी घरी पोचायचं असतं. वाट बंद झाली की कोणीतरी म्हणतं, "एवढ्या लांब आलो, आता कशाला थांबायचं?" खरा धोका तिथंच असतो. म्हणून निघण्याआधीच गटात ठरवा: दोन दिवस जास्तीचे धरायचे आणि दोन दिवसांच्या मुक्काम-जेवणाचे पैसे वेगळे काढून ठेवायचे. अडीअडचणीसाठी आपण गटात पैसे राखून ठेवतो, तसेच हे. हेही ठरवा की एक जरी "मला भीती वाटते" म्हणाली, तरी सगळ्यांनी थांबायचं. तिला कोणी हसायचं नाही.

गाडी चुकली तर दुसरी मिळते. दर्शन पुढच्या वर्षीही होतं. निघालेल्या सगळ्या जणी घरी परत आल्या पाहिजेत.